सगळी दारं एकाच दिशेला

अशी कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका दारात उभे आहात. पुढे रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे दुसरं दार. त्या दारात तुमची मैत्रीण उभी आहे. तुम्ही हात हलवता, तीही हलवते. तिच्या डोक्यामागे तुम्हाला दूरची टेकडी दिसते. आता सांगा बघू, तिला ती टेकडी दिसत असेल का? नाही. टेकडी तिच्या पाठीशी आहे. तिला दिसता तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागे जे काही असेल ते.

एवढं चित्र डोक्यात नीट ठेवा. मला घाई नाही. हवं तर उठून कुणाला तरी समोरच्या दारात उभं करून बघा. झालं? मग आता भिंगरीची गोष्ट.

भिंगरी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. शाळेच्या पटावर तिचं दुसरं नाव होतं, पण ते तिच्या बाईंनाही चटकन आठवायचं नाही. ती आणि तिची आई एका इमारतीच्या तळमजल्यावर राहत. पुढच्या खोलीत आईचं शिवणकामाचं दुकान होतं. तिथे दोन मशीनं होती, कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं आणि गिऱ्हाइकांना बसायला एक लाकडी स्टूल होतं. मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. वरच्या मजल्यावर मामाचा दवाखाना. मामा दातांचा डॉक्टर होता.

मामाचा हात फार हलका. दात काढला तरी माणसाला पत्ता लागायचा नाही, याचं अर्धं श्रेय मामाच्या तोंडाला होतं. पेशंटच्या तोंडात आरसा गेला रे गेला, की मामाची गाडी सुटायची. पाऊस कसा पडतो, झोप का लागते, जुनी माणसं उंच होती का, सगळ्यावर मामाचं मत तयार. मधेच तो विचारायचा, "आता तुम्हीच सांगा, पटतंय की नाही?" पेशंट म्हणायचा, "आं." मामा खूश व्हायचा, "बघा! तुम्हालाही तसंच वाटतं." वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं. तोंड उघडं ठेवून वाद घालता येत नाही, म्हणून मामाचं म्हणणं खोडायला कुणी भेटलंच नव्हतं.

या मामाला एके दिवशी एक मोठी कल्पना सुचली.

त्याला जुनी प्रार्थनागृहं बघायचा नाद होता. कुठल्याही धर्माचं असो, जुनं आहे म्हटलं की सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढायचा आणि मागे भिंगरीला बसवायचा. सोबत त्याची चामड्याची पेटी असायची. तिच्यात पूर्वी दातांची हत्यारं असत. एकदा तिची कडी तुटली आणि चिमटे, आरसे, सगळं जिन्यावरून गडगडत खाली आलं. तेव्हा आईने कडी काढून टाकली आणि पुढच्या बाजूने खाली येणाऱ्या झाकणाच्या चामड्याच्या आत दोन जाड लोहचुंबक शिवून दिले, पर्सला असतात तसे. झाकण टेकवलं की टक्‌ करून बंद. बाहेरून काही दिसायचंही नाही. पेटी पुन्हा कधी आपोआप उघडली नाही, आणि तिला कसं बंद केलंय हेही मंडळी विसरून गेली.

मामाने एक होकायंत्र विकत आणलं होतं. त्याचं कारण सांगायला हवं. मामाला दिशा मुळीच कळत नसत. ओळखीच्या बाजारातून घरी यायलाही तो भिंगरीला विचारायचा, "डावीकडे ना गं?" स्वतःवर विश्वास नाही म्हणून त्याने यंत्रावर सगळा विश्वास टाकला होता. प्रार्थनागृहाच्या उंबऱ्याशी तो पेटी ठेवायचा, पाठ उंबऱ्याला टेकवून आणि झाकण बाहेर करून. खाली वाकायचं म्हणजे त्याचे गुडघे कुरकुरत, म्हणून होकायंत्र पेटीवर. पेटीवर एक पांढरा ठिपका काढलेला होता. होकायंत्र बरोब्बर त्या ठिपक्यावर ठेवायचं, हे भिंगरीचं काम.

"बोल, काय म्हणते सुई?"

"मामा, पुन्हा तेच! दार उत्तरेच्या जरासं उजवीकडे बघतंय."

"पुन्हा तेच?" मामाचे डोळे मोठे व्हायचे. "अगं, हे तर दुसऱ्याच धर्माचं आहे!"

जुन्या बाजारातली दोन मोजली, तेच. नदीकाठचं मोजलं, तेच. पाण्याच्या टाकीजवळच्या गोल प्रार्थनागृहाला दोन दारं होती. मामाने गुडघ्यांचा विचार करून जवळचं मोजलं. तेही तेच! एकूण चौदा ठिकाणं झाली आणि चौदाही दारं एकाच दिशेला बघत होती.

तुमच्यासमोर असं काही घडलं तर तुम्ही काय समजाल? मामा समजला, की सगळे धर्म एकाच माणसाने सुरू केले असणार. फार फार पूर्वी, त्या दिशेला कुठेतरी एक बेट होतं. तिथे पहिला गुरू राहायचा. त्याची माणसं जगभर गेली, पुढे एकमेकांना विसरली, पण देवाचं घर बांधताना दार मात्र त्या बेटाकडेच ठेवत राहिली.

"म्हणजे सगळे धर्म भावंडं?" भिंगरीने विचारलं.

"सख्खी भावंडं," मामा म्हणाला. "आणि हे एकदा लोकांना कळलं ना, की भांडायला कारणच उरणार नाही."

ते ऐकून भिंगरीच्या अंगावर काटा आला. तिच्या वर्गात दोन मुली धर्मावरून बोलेनाशा झाल्या होत्या आणि डबा खाताना तिला रोज दोघींच्या मधे बसावं लागायचं. मामाची कल्पना तिला इतकी आवडली, की ती खरी असलीच पाहिजे असं तिने ठरवून टाकलं. मुलांनो, इथे मी जरा थांबतो. एखादी गोष्ट आवडणं आणि ती खरी असणं ही दोन वेगळी माणसं आहेत. बऱ्याचदा ती हातात हात घालून येतात, म्हणून आपला गोंधळ होतो.

मामाने लेख लिहिला. शेवटी टाकलं, "दिशामापनात मदत: भिंगरी." जुन्या धर्मांचा अभ्यास करणारं एक त्रैमासिक होतं, त्याच्या संपादकबाईंकडे तो पाठवला. त्यांचा फोन आला, की लेख परीक्षणाला दिलाय, थोडं थांबा.

"परीक्षण म्हणजे? तुझी परीक्षा?" भिंगरीने विचारलं.

मामाने तोंड वाकडं केलं. "एक जाणकार माणूस माझा लेख वाचणार, चुका काढणार. त्याला माझं नाव सांगत नाहीत, मला त्याचं सांगत नाहीत."

"असं का?"

उत्तर आईने दिलं. ती एका कोटाला कच्चे टाके घालत होती, लांब लांब, पांढऱ्या दोऱ्याने. "हे बघ. असे कच्चे टाके घालायचे आणि माणसाला कोट अंगात घालून बघायला सांगायचं. कुठे ओढतंय, कुठे फुगतंय, ते घालणाऱ्याला कळतं. शिवणारीला नाही कळत, ती आपल्या शिवणीच्या प्रेमात असते. मग उसवायचं, नीट करायचं आणि नंतर पक्की शिलाई. लेखाचंही तेच."

"आणि नावं का लपवायची?"

"नाव कळलं तर कोट कुणी बघणार नाही, चेहरा बघतील. ओळखीचा निघाला तर 'छान आहे' म्हणतील, नावडता निघाला तर 'शी' म्हणतील."

मामा म्हणाला, "ताई, माझा कोट पहिल्याच फटक्यात अंगात बसणार आहे. तू बघच."

बसला नाही. काही आठवड्यांनी परीक्षकाचं मत आलं. मामाने ते दुकानात उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि वाचता वाचता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.

"'लेखकाने मनापासून कष्ट घेतले आहेत.' हं! 'मात्र दोन शंका आहेत. जुन्या बाजारातली दोन प्रार्थनागृहं नकाशात रस्त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर दिसतात. मग दोन्ही दारं एकाच दिशेला कशी? दुसरं, याच पद्धतीने काही साध्या इमारती मोजून पाहाव्यात, आणि होकायंत्र कशावर ठेवलं होतं तेही लिहावं. तोपर्यंत लेख छापता येणार नाही.'"

त्याने कागद टेबलावर आपटला. "साध्या इमारती! मी डॉक्टर माणूस, आता काय लोकांची न्हाणीघरं मोजत फिरू? नकाशा चुकीचा असेल. यांना नवं काही नकोच असतं!"

"अरे, पण शंका आहे तर बघून घे," आई म्हणाली.

"ताई, तू पण?" म्हणून मामा तरातरा जिना चढून गेला.

नेमका त्याच आठवड्यात एक चॅनलवाला दाढ दुखते म्हणून आला. अर्धा तास आ करून त्याने मामाची सगळी कल्पना ऐकली आणि तोंड मिटता येताच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे तर जबरदस्त आहे! वाचनालयाचं सभागृह घेऊ. तुम्ही बोला, मी शूट करतो. लाखो लोक बघतील. नाव देऊ, 'विद्वानांनी लपवलेलं सत्य'."

"लपवलं कुठे?" मामा म्हणाला. "त्यांना तर मीच पाठवलं होतं."

"ते असू द्या हो. नाव छान आहे."

रविवारचं सभागृह ठरलं. मामा नवा सदरा शिवायला टाकून गेला, आईच्याच दुकानात. भिंगरीला स्टेजवर उभं राहून होकायंत्र धरायचं होतं. वर्गातल्या त्या दोन्ही मुलींना तिने बोलावलं. दोघींना वेगवेगळं.

पण परीक्षकाचा पहिला प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. जुन्या बाजारात मोजायला गेले होते तो दिवस तिला आठवत होता. एका दारात मामा पेटी आवरत होता आणि ती पळत पळत समोरच्या दारात जाऊन उभी राहिली होती. तिथून तिने हात हलवला होता. मामानेही हलवला होता. मामाच्या डोक्यामागे तिला घड्याळाचा मनोरा दिसत होता.

मामाला मात्र मनोरा दिसत नव्हता. तो तर त्याच्या पाठीशी होता.

तुम्ही सुरुवातीला उभे राहिलात ना दारात? मग भिंगरी मामाची पेटी आणायला का धावली, ते तुम्हाला सांगायला नको.

आई गिऱ्हाइकाचं माप घेत असताना तिने मामाची पेटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवली. पाठ उंबऱ्याला, झाकण बाहेर. ठिपक्यावर होकायंत्र. सुई डुलली, थांबली. उत्तरेच्या जरासं उजवीकडे.

मागच्या अंगणाचं दार मोजलं. उत्तरेच्या जरासं उजवीकडे.

मग तिने न्हाणीघर मोजलं. बादली बाजूला सारून, ओल्या फरशीवर पेटी ठेवून, श्वास रोखून ती बघत राहिली. आपलं न्हाणीघरसुद्धा पहिल्या गुरूच्या बेटाकडे तोंड करून होतं!

ती खो खो हसली. मग होकायंत्र तसंच ठेवून तिने पेटी हळूहळू गोल फिरवली. सुईही पेटीबरोबर फिरली, जत्रेतल्या पाळण्यात मूल आईला चिकटून बसावं तशी. पेटी जिकडे, सुई तिकडे. तिने होकायंत्र उचललं, लांब नेऊन जमिनीवर ठेवलं. सुई झर्रकन वळली आणि भलतीच दिशा दाखवू लागली.

"आई! पेटीत काय आहे?"

आई मापाची टेप गळ्यात घालूनच आली. भिंगरीने सगळं करून दाखवलं. आईने झाकणाच्या चामड्यावरून बोट फिरवलं, आणि तिचा हात आपोआप कपाळाला गेला. "अगं बाई! चुंबक! हे तर मीच शिवलेत!"

दोघी ओल्या फरशीजवळ बसून राहिल्या. मग आईला हसू फुटलं. "म्हणजे तो पहिला गुरू मीच की गं."

भिंगरीला मात्र आता हसू येईना. "मामा माझ्यावर रागावेल. नवा सदरा शिवायला टाकलाय त्याने. आणि आई, ते भावंडांचं? ते पण खोटं?"

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "ते मला विचारू नकोस. पण कोट दंडात ओढतोय हे तुला दिसलंय. आता एक तर तू त्याला खोलीत सांगशील, नाहीतर तो तसाच घालून चारचौघांत जाईल."

"तो मला बोलूच देणार नाही. त्याचंच सुरू होईल."

"मग तो पेशंटना कसा गप्प करतो?"

भिंगरी उठली. पेटी आणि होकायंत्र घेऊन वर गेली. दवाखाना रिकामा होता. मामा आरशासमोर भाषणाची तालीम करत होता.

"मामा, खुर्चीत बस."

"का गं? दात दुखतोय का तुझा?"

"तू बस. पेशंटच्या खुर्चीत."

मामाला गंमत वाटली, तो बसला. भिंगरीने दिवा त्याच्या तोंडावर ओढला आणि छोटा आरसा हातात घेतला. "आता आ कर. अजून मोठा. बंद करायचं नाही, मी सांगेपर्यंत."

"आं?"

"आं नाही. आता मी बोलणार."

आणि तिने सगळं सांगितलं. घड्याळाचा मनोरा, स्वयंपाकघर, न्हाणीघर. न्हाणीघराशी आल्यावर मामाने तोंड मिटायला घेतलं, पण तिने आरसा पुढे केला आणि सवयीने ते पुन्हा उघडलं. मग तिने त्याच्या मांडीवर पेटी ठेवली, पेटीवर होकायंत्र, आणि म्हणाली, "आता खुर्ची फिरव."

खुर्ची गोल फिरणारी होती. मामा तोंड उघडं ठेवून एक पूर्ण गिरकी फिरला. सुई जागची हलली नाही. झाकणाकडे बोट दाखवत राहिली.

"झालं. आता बंद कर," भिंगरी म्हणाली.

मामाने तोंड बंद केलं. मग म्हणाला, "असंही असू शकेल, की न्हाणीघरं बांधणाऱ्यांनाही त्या बेटाची..."

"मामा!"

"बरं, बरं." त्याने तोंडावरचा दिवा बाजूला सारला. खिडकीतून खालच्या मशीनचा आवाज येत होता. आई त्याच्याच सदऱ्याची बाही जोडत होती. "तुला आधी कळलं होतं?"

"आजच कळलं. म्हणजे, त्या परीक्षकाने विचारलं म्हणून."

"आणि तू मला सांगायला घाबरलीस?"

भिंगरीने मान डोलावली. मामा खुर्चीतून उठला, तिच्या हातातला आरसा काढून घेतला आणि तिला त्या खुर्चीत बसवून हळूच एक गिरकी दिली. "तुला घाबरावं लागलं, हे मला आवडलं नाही," तो म्हणाला. "चूक निघाली ते चालेल. ते परीक्षकाने विचारलं तेव्हाच मी बघायला हवं होतं. मी आपला कानाच्या पाळ्या लाल करत बसलो."

"तुला माहितीय? लाल होतात ते?"

"पेशंट बोलत नाहीत, पण समोर आरसा असतो ना."

रविवारी सभागृह भरलं. चॅनलवाल्याने कॅमेरे लावले. मामा नवा सदरा घालून उभा राहिला. त्याने पेटी ठेवली, होकायंत्र ठेवलं आणि म्हणाला, "मी तुम्हाला एक मोठं सत्य सांगायला येणार होतो. आता एक मोठी चूक दाखवतो. ती सत्यापेक्षा मजेशीर आहे."

त्याने लोकांना म्हटलं, दिशा तुम्ही सांगा. कुणी खिडकी म्हणालं, कुणी पंखा, कुणी पाण्याचा माठ. भिंगरी पेटी तिकडे वळवायची आणि सुई आज्ञाधारकपणे झाकणामागे जायची. लोक हसू लागले. न्हाणीघराची गोष्ट आली तेव्हा लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. सगळेच मात्र हसले नाहीत. मागून एक माणूस ओरडला, "डॉक्टर, तुम्हाला कुणीतरी गप्प बसवलंय!"

"बसवलं की," मामा म्हणाला. "ही काय उभी आहे. हिने मला आ करायला लावलं."

पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. "डॉक्टर, मी फार लांबून आले हो. सगळे धर्म भावंडं आहेत असं कळलं म्हणून. मग आता आम्ही भावंडं नाही का?"

भिंगरीने मामाकडे बघितलं. हाच प्रश्न तिने आईलाही विचारला होता.

मामा जरा थांबला. तो थांबला, हेच भिंगरीला नवीन होतं. "आजी, दारं मोजून ते मला कळलेलं नाही. एवढंच मी खात्रीने सांगू शकतो. पण मी आणि माझी ताई लहानपणी एका खोलीत झोपायचो. ती खिडकीकडे तोंड करून, मी भिंतीकडे. आम्ही भावंडं आहोत हे ठरवायला कुणी आमची तोंडं मोजली नाहीत."

आजीबाई जराशा हसल्या. "माझी बहीण तर पायांकडे डोकं करून झोपायची," म्हणाल्या आणि बसल्या.

चॅनलवाल्याने वायरी गुंडाळत कुरकुर केली, "हे कोण बघणार, डॉक्टरसाहेब?" तिसऱ्या रांगेतल्या दोन मुलींनी मात्र सगळं बघितलं होतं. सुरुवातीला त्यांच्यामधे एक खुर्ची रिकामी होती. होकायंत्र जवळून बघायला दोघी एकदमच स्टेजवर चढल्या आणि पेटी कोण फिरवणार यावरून भांडू लागल्या. निदान बोलू तरी लागल्या!

मामाने संपादकबाईंना फोन करून लेख परत मागितला आणि का, तेही सांगितलं. त्या पलीकडे बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, "लेख परत नेणारे पुष्कळ असतात. न्हाणीघराचं कारण सांगून नेणारे तुम्ही पहिले. नीट मोजून पुन्हा पाठवा." परीक्षक कोण होतं हे त्यांनी सांगितलं नाही. भिंगरी अजूनही रस्त्यात एखादं शांत माणूस नकाशा बघताना दिसलं, की त्याच्याकडे निरखून बघते.

नंतरच्या सुट्ट्यांत मामा-भाची पुन्हा स्कूटरवरून निघाले. पेटी घरी आणि पुढे पायांशी, होकायंत्र ठेवायला, आईचं लाकडी स्टूल. आता प्रत्येक दार वेगळीकडे बघत होतं. एक उगवतीकडे, एक नदीकडे. एक तर भलत्याच गल्लीकडे, कारण पूर्वी मोठा रस्ता तिथून जायचा. मामा आता सांगण्याऐवजी विचारू लागला. झाडणाऱ्या बाईंना विचारायचा, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचा, "हे दार इकडेच का हो?" आणि त्यांनी तोंड उघडलं, की गप्प राहून ऐकायचा. प्रत्येक दाराची एक गोष्ट निघाली. बेटाच्या गोष्टीपेक्षा त्या लहान होत्या, पण मामाला त्या जास्त आवडू लागल्या. संध्याकाळी जेवताना तो त्या गोष्टी आईला सांगायचा आणि आई म्हणायची, "खरंच?" यावर तो आता "पटतंय की नाही?" असं न म्हणता "पुन्हा एकदा विचारून येतो," म्हणायचा.

त्याने नवा लेख लिहिला. संपादकबाईंकडे पाठवायच्या आधी तो दुकानात आला आणि कागद भिंगरीसमोर ठेवले. "कच्चे टाके घातलेत," म्हणाला. "अंगात घालून बघ." एवढं बोलून तो वर निघून गेला, कारण दाराशी एक सुजलेला गाल येऊन उभा होता.

भिंगरी बेतायच्या टेबलाशी बसली. आईच्या डब्यातली लाल पेन्सिल घेऊन तिने टोक काढलं. पहिलं पान वाचलं, छान होतं. दुसरं वाचलं, तेही छान होतं. तिसऱ्या पानावर पाण्याच्या टाकीजवळचं गोल प्रार्थनागृह आलं आणि ती थांबली. मामाचे गुडघे तिला चांगले ठाऊक होते.

तिने समासात सावकाश लिहिलं, "याला तर दोन दारं आहेत. यातलं कुठलं मोजलं? आणि दुसरं का नाही?"

मग कागद हातात घेऊन ती जिना चढू लागली. वर मामा कुणाला तरी म्हणत होता, "आ करा."